चाळीस वस्तूंची यादी

दि. ४ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आधी तुलाच कळवते. दोन वर्षं आमच्या कचेरीत माझं काम एकच: वाढलेल्या भावांचे कागद आमच्या दुकानांच्या सगळ्या शाखांना पाठवायचे. गेल्या महिन्यात मी एका शाखेत तासभर नुसती उभी राहिले. बायका तेलाची बाटली उचलत, किंमत वाचत आणि हळूच जागेवर ठेवून पुढे जात. परत येऊन साहेबांना म्हटलं, रोज लागणाऱ्या चाळीस वस्तूंवरचा नफा आपण जवळजवळ सोडून देऊ. साहेब हसले, मग आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि काल त्यांनी माझ्या यादीवर सही केली. साबण, साखर, चहा, पीठ, बाळाच्या दुधाची पावडर. पंधरा तारखेपासून सगळीकडे भाव उतरणार.

आमची एक शाखा तुझ्या किराणा दुकानासमोरच आहे, हे सही झाल्यावर आठवलं. काय होतं ते खरं कळव, गोड बोलून वेळ मारून नेऊ नकोस. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढाच असू दे, त्यावर सूट नको.

तुझी धाकटी

दि. २२ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी समोरच्या काचेवर लागली. चष्मा लावून दोनदा वाचली. त्यात काडेपेटी दोन ठिकाणी आहे, म्हणजे वस्तू एकोणचाळीसच. शाळेतही तू अशीच घाई करायचीस.

आपल्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका आठवतात ना? वर्षभर माझ्याकडून साबणाची अर्धी वडी कापून न्यायच्या. परवा समोरून दोन अख्ख्या वड्या घेऊन आल्या आणि मला पाहताच पिशवी पाठीमागे धरली. मी हाक मारून म्हटलं, बाई, लपवता कशाला, ती माझ्या बहिणीचीच करामत आहे. मग कुठे मोकळेपणी हसल्या.

आमचं उत्तम चाललंय. हल्ली निवांतपणा मिळतो. बरण्या धुऊन झाल्या, फळ्या पुसून झाल्या. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. वेळेवर जेवत जा, एवढं केलंस तरी आमच्यावर माया आहे असं समजू.

तुझा दादा

दि. ३० मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. दुकान चालत नाही. परवा दुपारपर्यंत दोन माणसं आली, त्यातलं एक पत्ता विचारायला. सवयीने कोणी साबण मागितला, तर हेच समोर बोट दाखवतात आणि तिथे स्वस्त मिळेल म्हणून सांगतात. मी चिडले, तर म्हणाले, ज्यांनी तीस वर्षं आपल्याला पोसलं त्यांच्या गळ्यात महाग माल कसा मारू? समोरच्या भावात तर ह्यांना ठोक बाजारातही माल मिळत नाही.

तुमच्यावर राग नाही. त्या यादीबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताना ह्यांची छाती फुगते. पण जेवताना घास हातात धरून कुठेतरी बघत बसतात. तुम्हाला अंधारात ठेवणं मला जमेना. आहे तशीच माया ठेवा.

तुमची वहिनी

दि. ५ एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

मला सगळं कळलंय. वहिनीवर चिडू नकोस, चिडायचा हक्क आज माझा आहे. मी साहेबांशी बोलले. एखादी शाखा यादीतून वगळता येते, कारण लेखी द्यावं लागतं. मी लिहून ठेवलंय, पुढच्या सोमवारी देते.

वडील गेले तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास आणि मी सात. तू शिक्षण सोडून दुकानात बसलास, म्हणून आज मी या खुर्चीवर बसले आहे. त्याच खुर्चीतून तुझं दुकान बंद पाडू? माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, पण नाही म्हणू नकोस.

तुझी धाकटी

दि. ९ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारच्या आत पोचावं म्हणून लगोलग लिहितो. तो कागद फाड. समोरच्या रांगेत कोण असतं ते मी रोज इथून पाहतो. शिंपीण असते, बसचा कंडक्टर असतो, पावडरचा डबा छातीशी धरून जाणारी एक नवी आई असते. माझ्या एकट्यासाठी तू त्या सगळ्यांचे भाव पुन्हा चढवलेस, तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?

आता तीस वर्षांत बोललो नाही ते सांगतो. दुकान मला कधी आवडलंच नाही. माझा जीव पंख्यांत, इस्त्र्यांत, शिलाई यंत्रांत. तेव्हा हे बोललो असतो, तर तुला तुझी पुस्तकं जड झाली असती. महागाईत लोक नवं घेत नाहीत, जुनंच दुरुस्त करून वापरतात. गेल्या आठवड्यात शिंपिणीचं यंत्र रिकाम्या टेबलावर खोललं, तर संध्याकाळपर्यंत दोन पंखे आणि एक मिक्सर दारात हजर. कालपासून सामानाच्या फळ्या उतरवतोय. वडिलांचा तराजू खाली घेतल्यावर मात्र काम थांबवलं. खोटं कशाला बोलू, थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. यावर पोट भरेल की नाही, अजून सांगता येत नाही. पण सकाळी दार उघडायला मी आता घाई करतो, असं तुझी वहिनी म्हणते.

तुझा दादा

दि. १५ एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

कागद फाडला. साहेबांनी कारण विचारलं. दुकानदारानेच नको म्हटलं, एवढंच सांगितलं. त्यांचा काही विश्वास बसला नाही.

तुझं पत्र मी कचेरीत उघडलं, ही चूक झाली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी न विचारता पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. नंतर राग आला. तीस वर्षं नावडतं काम हसत केलंस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. याबद्दल भांडण होणार आहे, तयारीत राहा.

शनिवारी येते. पिशवीत एक बंद इस्त्री, न तापणारी किटली आणि खडखडणारा टेबलफॅन असेल. घरची म्हणून मला पुढे घेऊ नकोस, मी नंबरानेच येईन. आणि पैसे पूर्ण घे. भाव उतरवणारी एक या घरात पुरे आहे.

तुझी ठकी