अंगठ्यातली कूस

ल्युब्ल्याना,
शनिवार, २४ ऑगस्ट २०१९

लाडक्या ल्युबो,

आज संत बार्तोलोमेयचा दिवस, मिठाचा हंगाम आवरून घरी परतायचा. आपलं मिठागर असतं तर बाबांनी आज लाकडी फावडी धुऊन उलटी टांगली असती आणि आईने खाटा होडीत चढवता चढवता सगळ्यांना फैलावर घेतलं असतं. इथे ल्युब्ल्यानात कुणाला पत्ताही नाही. मी मात्र सकाळी उठून भाकरीच्या तुकड्यावर मीठ घालून खाल्लं, बाबा खायचे तसं.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण बाजारापर्यंत नेतो-आणतो. तुझी अंजिरं पोचली. निम्मी शेजारणीने "बघू तरी चाखून" करत संपवली, मेलीला साखरेचा त्रास आहे म्हणे. नेझाचा खोकला गेला का?

मंगळवारी दानित्साचा फोन आला होता, तुझ्या नकळत. तिच्यावर चिडू नकोस. म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला तुम्हीच काय ते समजवा. पोरगी आजोबा-आजोबा करत मागे धावते आणि हे म्हणतात, मी एकटा असताना तिला घरात ठेवू नका. लेकीला कामावर जायचंय, मला आठवड्यातून दोनदा दवाखाना. चार वर्षांच्या नेझाला ठेवायचं कुठे? तर ह्यांचं एकच पालुपद, माझ्या हातून दारं उघडी राहतात." बोलता बोलता रडली रे बिचारी.

आणि दुसऱ्याच दिवशी संग्रहालयाचं पाकीट आलं. त्या मोयत्साबाई जुन्या मीठकाम्यांच्या आठवणींची पुस्तिका छापताहेत ना, तिचा कच्चा मसुदा. पान तेवीस. तुझं. "मी पाच वर्षांचा होतो. भरतीच्या तोंडाशी खेळता खेळता मी पाण्याच्या दाराची फळी उचलली. फळी ओली होती, उजव्या अंगठ्यात लाकडाची कूस शिरली. समुद्र वाफ्यात शिरला, दुसऱ्या दिवशी ओढायचं मीठ विरघळलं, आणि मिठाला चिखल लागू नये म्हणून तळावर बाबांनी वर्षानुवर्षं जोपासलेली शेवाळाची साय फाटून वाहून गेली. आमचं मिठागर माझ्यामुळे सुटलं." बाईंनी विचारलंय, बहीण म्हणून काही दुरुस्त करायचं आहे का. दहा सप्टेंबरला छापायला जाणार.

तीन दिवस ते पान स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलंय. तिथून जाते-येते, पण बघत नाही.

ल्युबो, आधी माझ्या नोकरीचं थोडं सांगते. तू नेहमी विचारायचास, "ताई, त्या विद्यापीठात तू करतेस तरी काय?" आणि मी म्हणायचे, "शब्द वाचते." खरंच तेवढंच करायचे. माणसं येऊन समोर बसायची, मी वीस-वीस शब्द एका सुरात वाचायचे, आणि मग त्यांना काय आठवतंय ते लिहून घ्यायचे. एकतीस वर्षं.

त्यातून जे कळलं ते तुला दोन वाक्यांत कळेल, कारण तू मिठागरातला आहेस. पहिल्या मोठ्या वाफ्यात सगळा समुद्र येतो, तसं कानात सगळं येतं, आणि दोन-तीन सेकंदांत बहुतेक उडून जातं. थोडं पुढच्या वाफ्यात सरकतं, पाच-सात गोष्टी, तेही जेमतेम अर्धा मिनिट. ज्याच्याकडे लक्ष दिलं, जे पुन्हा पुन्हा घोळवलं, त्यातलंच काही शेवटच्या वाफ्यात जाऊन मीठ होतं. इथवर ठीक. पण आपलं मीठ कोठारात गेलं की पडून राहतं. आठवण तशी राहत नाही. ती दरवेळी बाहेर काढली की ओली होते, आणि परत ठेवताना त्यात आजचं काहीतरी मिसळतं. दुसऱ्याने दिलेलंही.

एकदा मी वाचलं, पीठ, भट्टी, लोणी, सुरी, चुरा. एक गृहस्थ छातीठोकपणे म्हणाले, "पाव हाही शब्द होता!" म्हटलं, नव्हता. "होता बाई! तुम्ही पाव म्हणताना खोकलात!" मी खोकलेही नव्हते. पण त्यांनी तो खोकला खरंच ऐकला होता. ते खोटं बोलत नव्हते.

प्राध्यापक हसले. मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली हात धरून उभी राहिले. मला तुझा अंगठा आठवला.

आता लिहून टाकते, नाहीतर हे पत्रही बरणीखाली जाईल.

फळी मी उचलली होती.

मी बारा वर्षांची होते. बाबांनी सांगितलं होतं, शेजारच्या वाफ्यात थोडं पाणी सोड आणि भरतीच्या आत फळी नीट बसव. मी उचलली, कूस शिरली ती मला, आणि तेवढ्यात पलीकडच्या घरातून माझ्या मैत्रिणीने, ओनोरिनाने, हाक मारली. तिच्या भावाने रेडिओ आणला होता. मी म्हटलं, एक गाणं ऐकून येते. आम्ही दोघी अनवाणी नाचलो. किती गाणी झाली मला माहीत नाही. परत आले तर वाफा आणि खाडी एक झाली होती.

तू बांधावर बसून शिंपले मांडत होतास. मी सगळ्यांना सांगितलं, "ल्युबो तिथे खेळत होता."

तू म्हणालास, "मी नाही." आईने विचारलं, तू म्हणालास, "नाही." बाबांनी तुला विचारलंच नाही. ती फळी त्यांनी स्वतः तासलेली, तिचं वजन त्यांना ठाऊक. त्यांनी एकदा माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दाराशी मी थांबायला हवं होतं. चूक माझी. पुन्हा हा विषय नको." आणि बार्तोलोमेयच्या तीन आठवडे आधी आपण मिठागर सोडलं. बाबा गोदामात पोती उचलायला लागले, पाठ मोडेपर्यंत.

त्यांनी विषय संपवला होता. मी नाही संपवला. मला धास्ती होती, तू पुन्हा "नाही" म्हणशील आणि लोक माझ्याकडे वळतील. म्हणून अंथरुणावर तुला रोज विचारायचे, "आठव बरं, तू लाल चड्डी घातली होतीस ना? फळी ओली होती ना?" आई सुईने माझी कूस काढत होती तेव्हा तू जवळ उभा राहून बघत होतास. मी तुला म्हटलं, "तुलाही बोचली होती, विसरलास?" तू तीन दिवस "नाही" म्हणालास. चौथ्या दिवशी गप्प राहिलास. पाचव्या दिवशी स्वतःच मला सांगायला लागलास, कुठे उभा होतास, फळी कशी गार लागली. आणि मला, देवा, सुटल्यासारखं वाटलं.

वाटलं, लहान आहे, विसरेल. पुढे वाटलं, मोठा झालाय, आता कशाला. मग तू बंदरातली बढती नाकारलीस, म्हणालास, जबाबदारीचं काम मला नको. रात्री दार तीनतीनदा बघायचास आणि आम्ही तुझी टिंगल करायचो. मीसुद्धा करायचे! कोणत्या तोंडाने करत होते, कोण जाणे.

जूनमध्ये आमच्या पेन्शनरांची सहल संग्रहालयात आली होती. मी आले ती तुला भेटायला नाही, तिथे तशीच फळी ठेवलीय म्हणून. सगळे पुढे गेल्यावर मी ती दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढली. टीचभर उठली. ल्युबो, पाच वर्षांच्या मुलाच्या हातून ती हललीही नसती. जा आणि स्वतः उचलून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तेवढी लायकी माझी उरलेली नाही. फळीवर ठेव.

मोयत्साबाईंना काय कळवायचं ते तू ठरव. माझं नाव घालून छापलंस तरी चालेल, घालावंसच. पण नेझाला लांब ठेवू नकोस. तुझ्या हातून कुठलंच दार उघडं राहिलेलं नाही.

मला फार लाज वाटते. माफ कर असं लिहिणार होते, पण ते मागायचं कसं ते मला अजून येत नाही.

तुझं पाच वर्षांचं "नाही" अठ्ठावन्न वर्षं दाबून बसलेली,
तुझी ताई
अल्बिना

•

इझोला, ४ सप्टेंबर

ताई,

पत्र शुक्रवारी आलं. रविवारपर्यंत मी तुझ्याशी मनातल्या मनात इतका भांडलो की दानित्सा म्हणाली, ओठ हलवत काय बसलाय, माळ जपताय का? तिला पत्र दिलं. तिने वाचलं आणि मला बटाटे सोलायला लावले. सोलता सोलता रडलो.

सोमवारी संग्रहालयात गेलो. फळी उचलली. मला उचलता आली, अजून हातात जोर आहे. पण नेझाला सांगितलं, ओढ. तिने लटकून बघितलं, लोंबकळली, हसायला लागली. म्हणाली, आजोबा, ही तर भिंतच आहे.

मोयत्साबाईंना सांगितलंय, माझं पान काढा. तुझं नाव दिलं नाही. बाबांनी विषय नको म्हटलं होतं.

ताई, मी अजून रागावलोय. किती दिवस राहीन, सांगता येत नाही. आणि एक विचित्र आहे, तू समजावून सांग. सगळं कळलं, पटलं, तरी डोळे मिटले की ती फळी मला गार लागतेच. अंगठा दुखतोच. हे काही जाणार नाही ना?

नाही गेलं तरी चालेल. आज दानित्सा दवाखान्यात होती. दुपारभर नेझा आणि मी, दोघंच. दार मी एकदाच बघितलं.

बरं, दोनदा.

अंजिरं पुन्हा पाठवतोय. ह्या वेळी शेजारणीला देऊ नकोस.

फळी न उचललेला,
ल्युबो