आठवा पेला

इझुमोरी,
२७ फेब्रुवारी

सावाको वहिनींना,
सप्रेम नमस्कार.

तिकडे ओतारूला अजून कमरेएवढं बर्फ असेल. इथे परवापासून पागोळ्या गळायला लागल्यात आणि अंगणातल्या उमेच्या झाडाला चार-पाच कळ्या आल्या आहेत. आई अठ्ठ्याऐंशीची झाली. ऐकू कमी येतं, बोलणं मात्र कमी झालेलं नाही. माझे गुडघे दुखतात, बाकी ठीक. तुमची पाठ कशी आहे? दोन वर्षांपूर्वीच्या कार्डावर तुम्ही पाठीचं लिहिलं होतं.

इतकं जाड पाकीट बघून तुम्हाला धस्स झालं असेल. घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. म्हणजे आत्ता कोणी नाही.

बत्तीस वर्षांत नव्या वर्षाच्या कार्डापलीकडे मी तुम्हाला काही लिहिलं नाही. लिहायला बसले की 'प्रकृतीला जपा' या ओळीशी हात थांबायचा. आज थांबू द्यायचा नाही असं ठरवलंय, पण कुठून सुरुवात करू ते कळत नाही, म्हणून आधी माझ्या कामाचं सांगते.

कारखाना सोडून मला अकरा वर्षं झाली. आता मी गावाच्या पर्यटन मंडळाची गाइड आहे. हातात पिवळी झेंडी घ्यायची, आधी झरा दाखवायचा, मग मिनोबेंचा साकेच्या दारूचा कारखाना, शेवटी तोकु मावशींच्या दुकानात चहा आणि वाफवलेले गोड मान्जू. सव्वादोन तास. तुम्हाला हसू येईल, पण टोकियोची माणसं आपल्या झऱ्याचं पाणी तोंडात घेऊन डोळे मिटतात. "गोड आहे हो!" म्हणतात. आपण त्यात मुळे धुवायचो.

झऱ्यावर मी प्रत्येकाला एक चिनी मातीचा पेला देते. सात माणसं असली की फळीवर सात पेले मांडायचे, पिऊन झालं की पुसून टोपलीत ठेवायचे. डिसेंबरात एकदा सात माणसांचे पेले गोळा केले, तर ते आठ निघाले. आठवा ओला होता. मला वाटलं, मोजायला चुकले. दुसऱ्या फेरीला पाच माणसं होती. मी पाच पेले मोठ्याने मोजून मांडले, बाकीचे टोपलीत घालून टोपलीचं झाकण बांधलं. परत आले सहा. सहाव्याच्या काठावर ओठ लागल्याची खूण होती आणि तळाशी घोटभर पाणी. लोक आपसात बोलत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. मी तो पेला पुसला आणि पुढे चालायला लागले.

हे रोज होत नसे, म्हणूनच जास्त भीती वाटायची. आठ-आठ दिवस काही नाही, मग एखाद्या सकाळी एक पेला जास्त.

जानेवारीत तोकु मावशींच्या दुकानात सहा माणसं घेऊन गेले, तर तबकात सात मान्जू. मावशी चौऱ्याऐंशीच्या आहेत, पण अजून स्वतःच पीठ भिजवतात.

"मावशी, सहा सांगितले होते," मी म्हटलं.

"सहा तू सांगितलेस. मग तो मागच्या दाराने येऊन सांगून गेला ना, एक जास्त ठेवा म्हणून."

"कोण तो?"

"कारखान्यातलाच कोणीतरी. अंगावर पांढरा कोट होता. मी वाफेत होते गं, तोंड कुठलं दिसतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू का अशी पांढरीफटक पडलीस? एका मान्जूने दिवाळं निघणार आहे का माझं?"

लोक खाऊन उठले. तबकात एक मान्जू उरला होता. म्हणजे उरलं होतं ते आतलं लाल पुरण, गोळी करून नीट कडेला ठेवलेलं. वरचं पांढरं कुणीतरी खाल्लं होतं.

वहिनी, हे कोण करायचं ते तुम्हाला सांगायला नको. लहानपणी दादा कडेकडेने पांढरं खायचा आणि पुरण माझ्यासाठी ठेवायचा. लग्नानंतरही ठेवायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "बहिणीला पुरण आणि बायकोला काय, तबक?" आपण तिघं किती हसायचो.

मी ती गोळी कागदात गुंडाळली. खाल्ली नाही, फेकलीही नाही. कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'तो तुझ्याकडेच का येतो' असं लोकांनी विचारलं असतं.

आता गेल्या गुरुवारचं सांगते. त्या दिवशी नागोयाहून आठ जण आले होते. त्यांत हिराबायाशी नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, सत्तरीच्या, बडबड्या, सगळ्यात पुढे. झऱ्यावर पेले बरोबर आठच भरले. मला हायसं वाटलं. कारखान्यात आम्ही जिना चढून टाक्यांच्या वरच्या फळ्यांवर गेलो. तुम्ही पाहिला होता तो माळा आता बदललाय, कठडा लावलाय, पण टाक्या त्याच आहेत आणि आंबवणाचा तो बारीक, पाऊस पडल्यासारखा आवाजही तोच.

तिथे मी रोज एक गोष्ट करून दाखवते. लांब दांडीला मेणबत्ती लावून टाकीत सोडते. आंबवणाच्या वर हात-दीड हात गेली की ज्योत विझते, कारण तिथे श्वास घेण्याजोगी हवाच नसते. लोक "अगंबाई" म्हणतात. मग मी सांगते, "म्हणून टाकीवर एकट्याने कधी वाकायचं नाही. वाकणाऱ्याने हाक मारत राहायचं, 'आहेस का?' आणि बाजूला उभं असलेल्याने 'आहे' म्हणत राहायचं. वरून उत्तर आलं नाही की वाकलेल्याने तसंच बाहेर यायचं, खालून हाक थांबली की वरच्याने त्याला ओढून काढायचं." अकरा वर्षं मी हे वाक्य रोज दोनदा म्हणते. कसं म्हणू शकले, ते मला विचारू नका.

त्या दिवशी मेणबत्ती टाकीत सोडण्याआधीच विझली. माझ्या हातात, छातीच्या उंचीवर. मी परत पेटवली, परत विझली. वारा नव्हता. कोणीतरी हसलं, "बाई, काड्या संपतील तुमच्या!"

आणि तेव्हा खालून आवाज आला, "आहेस का?"

मला ऐकू आलं, यात नवल नाही. मला तो आवाज स्वप्नात येतच असतो. पण हिराबायाशी बाईंनी मान वळवली. "अहो, आत कोणी काम करतंय वाटतं," असं म्हणून कठड्यावरून ओणवून त्या शाळेतल्या हजेरीसारख्या खणखणीत ओरडल्या, "आहे, आहे!"

खालून पुन्हा, जरा जवळून, "किनुए, आहेस का?"

"किनुए म्हणजे तुम्हीच ना?" बाई हसत अजून वाकल्या. त्यांचं हसणं मध्येच तुटलं. टाचा उचलल्या गेल्या आणि एक चप्पल फळीवर राहिली. मी झेंडी टाकून त्यांच्या कमरेला मिठी मारली. वहिनी, बाई चिमणीएवढ्या, पण त्या मला ओढून निघत नव्हत्या. टाकीच्या बाजूने वजन होतं. मी पाय कठड्याला लावले आणि ओरडले, "नव्हते! मी नव्हते इथे! दादा, मी नव्हते!"

आणि वजन सुटलं. आम्ही दोघी मागे आपटलो. बाईंचे ओठ निळे पडले होते. दोन-तीन मिनिटांनी श्वास आला. शुद्धीवर येऊन त्या म्हणाल्या, "त्या माणसाला काढलंत का बाहेर? फार वेळ उभा आहे हो तो." मग त्यांना दवाखान्यात नेलं. आता बऱ्या आहेत. त्या काय म्हणाल्या ते त्यांना आठवत नाही.

आता लिहिते.

त्या वर्षी १४ मार्चला सकाळी दादा तिसऱ्या टाकीचं आंबवण बघायला वाकला होता. बाजूला उभं राहायचं काम माझं होतं. मी जबाबात सांगितलं, मालकांना सांगितलं, आईला सांगितलं, की दादाने मला कोठीत पाठवलं आणि माझ्या माघारी एकटाच वर चढला. ते खोटं आहे. मी वर त्याच्याजवळ उभी होते. तोकु मावशींच्या दुकानातून वाफेचा वास आला, पहिला घाणा उतरला होता. दादाचं डोकं टाकीत होतं. मी त्याला 'जाऊन येते' म्हटलंसुद्धा नाही. वाटलं, दोन मिनिटांत गरम मान्जू घेऊन येते, त्यालाही आणते.

मला पंधरा मिनिटं लागली. का, ते सांगते. दुकानात चार बायका होत्या आणि मी त्यांना तुमचं सांगत होते. त्या सकाळी तुमचं आणि दादाचं माहेरी जाण्यावरून वाजलं होतं ना, ते. तुम्ही कसं बोललात, त्याने कशी न्याहारी टाकली, सगळं तिखटमीठ लावून. तुमच्या आवाजाची नक्कलही केली. बायका हसल्या, म्हणून आणखी सांगितलं.

मी परत आले तेव्हा हाक थांबलेली होती.

नंतर गावात जे पसरलं, की बायकोशी भांडून, पिऊन, जिवाला कंटाळून तो टाकीत उतरला, त्यातलं भांडण माझ्या तोंडून बाहेर पडलेलं होतं. पिण्याचं लोकांनी जोडलं. मालकांना तेच सोयीचं होतं आणि मलाही. दादा थेंबभरही घेत नव्हता. चाखून थुंकायचा, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. अस्थी उचलायच्या काड्या आईने तुमच्या हातात दिल्या नाहीत. "तू घालवलास त्याला," म्हणाली. मी शेजारी उभी होते. माझ्या हातात काड्या होत्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मी खाली पाहिलं.

वहिनी, तुमच्या भांडणामुळे तो गेला नाही. तो टाकीवर चढताना मला म्हणाला होता, "संध्याकाळी लवकर सुटू. सावाकोला स्टेशनवर सोडायला जाऊ, जाऊ दे तिला चार दिवस." त्याचा राग न्याहारीबरोबरच संपला होता. हे वाक्य मी बत्तीस वर्षं तुमच्यापासून दाबून ठेवलं. टाकीजवळ नसण्यापेक्षा हे मला मोठं पाप वाटतं.

शुक्रवारी मी मिनोबेंच्या मुलाला सगळं सांगितलं. कारखाना आता तोच चालवतो. तो म्हणाला, "बाबांना ठाऊक असावं." तोकु मावशींकडे गेले. त्या पीठ मळत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. तू दुकानातून निघालीस आणि पाचव्या मिनिटाला कारखान्याचा भोंगा झाला. मीही तुझ्या नकलेला हसले होते ना, मग कोणत्या तोंडाने बोलणार?" त्यानंतर आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं, परत गेलं.

गाइडचं काम मी सोडलंय. झऱ्यावरचे पेले आता दुसरी बाई मांडते. तिला मी काही विचारलेलं नाही.

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं, कारण तिच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. शेजारच्यांनीही ऐकलं असेल. ऐकू दे. तिने भिंतीकडे तोंड केलं ते दोन दिवस. जेवली नाही, माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हाक मारून म्हणाली, "सावाकोला कळव. येणार नाही ती, आलीच तर मी काय बोलू? पण कळव. मी बोलावलंय म्हण."

१४ मार्चला त्याचा तेहेतिसाव्या वर्षाचा विधी आहे. त्यानंतर देवळात त्याचं नाव वेगळं घेतलं जाणार नाही, तो पूर्वजांमध्ये मिसळेल, हे तुम्ही जाणताच. भिक्षूंनी विचारलं, पहिला धूप कोण लावणार? पत्नी असताना दुसऱ्या कोणाचा तो मान नाही, असं मी सांगून आले. तुम्ही येणार की नाही हे ठाऊक नसताना सांगून आले. तुम्ही आला नाहीत तर ती जागा रिकामी राहील. मी तिथे बसणार नाही.

आलात तर सकाळी दहाच्या गाडीला स्टेशनवर मिनोबेंचा मुलगा असेल. मी नसेन. माझं तोंड बघावं लागू नये म्हणून विधीच्या वेळी मी देवळाबाहेर थांबेन. माफी मागावी असं फार वाटतं, पण मागितली की तुम्हाला उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं आता तुमच्यावर घालायचं नाही.

हे पत्र तुमच्या शेजारणीला, भावाला, कोणालाही दाखवा. जिथे जिथे तुम्हाला मान खाली घालावी लागली असेल तिथे वाचून दाखवा.

अजून 'वहिनी' म्हणते आहे. ते तेवढं चालवून घ्या.

तुमची नणंद,
किनुए