न सांगितल्यास काय धरावं

ती. आत्यास,

कटकटीचा वाकून नमस्कार (हे नाव तूच ठेवलंस, आता तक्रार चालणार नाही). तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे नीट कळव. "बरा आहे" असलं मोघम उत्तर आमच्या धंद्यात चालत नाही.

आमचा धंदा म्हणजे काय, हे तू दर वेळी विचारतेस आणि मी सांगायला लागले की तुला गॅसवरच्या दुधाची आठवण होते. आज पत्रात सापडली आहेस, तेव्हा ऐक. वेबसाइट बनवणाऱ्यांना आमची कंपनी एक तयार सांगाडा देते. तो चालू करण्याआधी त्याला काही गोष्टी सांगून ठेवायच्या असतात: भाषा कोणती, चूक झाली तर ती लोकांना दाखवायची की पोटात ठेवायची, समोरचा माणूस गप्प बसला तर किती वेळ वाट बघून त्याला बाहेर काढायचं. अशा ढीगभर सेटिंग्ज आहेत आणि कुठली कशासाठी, हे लिहून काढणं माझं काम. त्यात सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'न सांगितल्यास'. म्हणजे तुम्ही काहीच बोलला नाहीत तर सांगाडा आपल्या मनाने काय धरून चालणार. लोक बहुधा काहीच बोलत नाहीत, त्यामुळे अर्धा कारभार या रकान्यावरच चालतो.

ऑफिसचा नियम असा, की लिहिलेलं पान आधी या कामातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाने वाचायचं आणि लिहिलंय अगदी तसंच करून बघायचं. असा माणूस मी गावभर शोधत होते आणि तो घरातच बसला होता, तुझा भाऊ! अण्णांनी उभा जन्म बस चालवली. कंडक्टरची एक घंटी झाली की थांबायचं, दोन झाल्या की निघायचं, आणि घंटी झालीच नाही तर आहोत तसेच. अशा माणसाच्या हातात मी पान दिलं. त्यात लिहिलं होतं, 'येथे आपल्या साइटचे नाव लिहा'. अण्णांनी चष्मा सावरून, एका बोटाने, तेवढंच टाइप केलं. 'आपल्या साइटचे नाव' या नावाची साइट झोकात सुरू झाली (आमच्या साहेबांना वाटलं, काहीतरी नवीन फॅशन असेल). पुढे वाट बघण्याच्या वेळेसमोर मी नुसतं 'तीस' लिहिलं होतं. अण्णांनी मिनिटं धरली, सांगाड्याने सेकंद. अण्णा अक्षर शोधत असतानाच साइट त्यांना बाहेर काढायची आणि अण्णा "सॉरी हां" म्हणत पुन्हा आत शिरायचे. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. तेवढ्यात ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं. नुसतं बसून राहिलं की कधीतरी ऊठ म्हणणारच."

त्यानंतर मला काही हसू आलं नाही. आत्या, आई गेल्यावर मीच त्यांना "काही दिवस चला" म्हणून इथे आणलं. ते 'काही दिवस' म्हणजे किती, हे पुढे कधी बोललेच नाही. मी धरून चालले, न सांगितल्यास कायमचं. त्यांनी धरलं, न सांगितल्यास परत. परवा कळलं की आल्यापासून ते बिनसाखरेचा चहा पिताहेत. सकाळचा चहा माझा नवरा करतो, त्याला साखर वर्ज्य, म्हणून त्याने सासऱ्यांनाही तसंच धरलं. अण्णांना कसा चहा लागतो ते तुला ठाऊक आहे, जवळजवळ पाकच. "मग बोलला का नाहीत?" म्हटलं, तर म्हणे, "कोणी विचारलं नाही." आणि आता पलंगाखालची बॅग पलंगावर आली आहे. रविवारी तुझ्याकडे निघायचं म्हणतात.

मला ते हवे आहेत गं. दिवसभर मी परक्या लोकांना बारीकसारीक समजावून सांगते, पण त्यांना "राहा" म्हणायला गेले की तोंडातून "जेवलात का?" एवढंच निघतं. काल हे इतक्या वेळा झालं की बिचारे पुन्हा जेवायला बसले.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जप.

तुझीच,
कटकट

ता. क. खरं काम राहिलंच. अण्णांना फोन करून सांग, तुझ्याकडे जागा नाही. रंगकाम काढलंय म्हण, दिराकडची मंडळी आलीत म्हण. खोटं बोलताना तुला हसू फुटतं, तेव्हा फोन झटकन ठेव.

ता. क. दुसरा (हा हाताने लिहिते आहे). फोन करू नकोस! घोटाळा झाला. वरचं पत्र मी ऑफिसच्या पानांबरोबरच प्रिंटरवर काढलं आणि अण्णांनी नेहमीसारखा अख्खा गठ्ठा तपासायला उचलून नेला. पहिल्या ता. क.शेजारी त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'ही पायरी लागत नाही. मला थेट सांगितलं तरी चालेल.' मी उठले, त्यांच्या बंद दारावर एकदाच टकटक केली आणि बाहेरूनच म्हणाले, "अण्णा, इथेच राहा ना. कायमचे." आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. आत जाऊन बघते तर बॅगेत घडी केलेल्या कपड्यांवर त्यांचा स्वतःचा साखरेचा डबा, अर्धा संपलेला.