शेवंतीची पाठवणी

मु. सव, ता. महाड

जावईबापू दीपकराव यांस सवहून कुशाबाचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. (वयाने नुसता आशीर्वाद पुरला असता, पण जावयाला तेवढ्यावर भागवलं तर मान कमी पडतो असं रंगूबाईचं मत. जे आधी पोचेल ते घ्यावं.) आपली पाठदुखी बरी असेल. निशिगंधाचा खोकला गेला का ते कळवणे. तिने फोनवर गेला म्हणून सांगितलं आणि सांगता सांगताच खोकली. इकडे आम्ही मजेत आहोत. माझे गुडघे मी रोज सकाळी गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात भिजवून आणतो. आंब्याला मोहोर बरा आहे. सकाळी नदीवर धुकं इतकं उतरतं की पलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर न दिसल्याने आजवर काही अडलेलं नाही.

आपण सोपवलेलं काम पार पडलं आहे. हे फोनवर सांगितलं असतं, पण आमच्याकडे निम्म्यातच रेंज जाते आणि उरलेलं ऐकणारा आपल्या मनाने समजून घेतो. घोडीच्या बाबतीत तसं होऊ नये. आपला निरोप सरळ होता. बिरवाडीच्या गणूला तबेला मोडून कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्या आहेत, तेव्हा घोडी तिथून सोडवावी, टेम्पोत घालावी आणि पोलादपूरच्या पुढे गोमाजीच्या तबेल्यात पोचवावी. बैल गेल्यापासून आमचा गोठा रिकामा आहे हे आपल्याला ठाऊक होतं, पण आपण तो विषय काढला नाहीत, कारण जावयाने आपली घोडी सासुरवाडीला बांधली तर लोक हसतील. मीही काढला नाही, कारण सासऱ्याने आपण होऊन मागितली तर जावयाला वाटेल, म्हाताऱ्याला दर रविवारी हजेरी हवी आहे. असे आपण दोघेही फार समजूतदार. पण घोडी बिरवाडीला होती तोवर आपण मधूनमधून रविवारी तिला बघायला म्हणून निशिगंधाला घेऊन महाडपर्यंत तरी येत होतात, वेळ उरला तर आमच्याकडे चहाला डोकावत होतात. आता गाडी महाड मागे टाकून हायवेने सरळ पुढे जाणार, हे आमच्या घरात कोणी बोललं नाही. रंगूबाईने त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं एवढंच.

मी बिरवाडीला निघालो तेव्हा मात्र ती दारात आडवी उभी राहिली. "परक्याच्या दारातनं परक्याच्या दारात नाय धाडायची. पयली घरी आनायची, मंग तिची पाठवणी करायची," असं तिने सांगितलं. मी म्हटलं, अगं, पोलादपूर एका दिशेला आणि सव दुसऱ्या, ही काय रीत झाली? तर म्हणाली, लेकीला कोणी जवळच्या वाटेने सासरी पाठवत नाही. मी चपला घातल्या. (लग्नाला इतकी वर्षं झाली, उत्तर असतं तेव्हाही मी ते घरी वापरत नाही.) तिने घोडीचं नावही परस्पर बदललं. आपण ठेवलेलं इंग्रजी नाव चांगलंच असणार, पण ते आमच्या कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आता ती शेवंती.

टेम्पो बिरवाडीला वेळेवर आला. शेवंतीने पुढचे दोन पाय फळीवर ठेवले, मान लांब करून आत बघितलं आणि आत जागा नाही असं ठरवून पाय खाली घेतले. आम्ही मागून ढकललं, गणूने पुढून गूळ दाखवला. गूळ तिने खाल्ला. शेवटी टेम्पोवाला कंटाळून गेला आणि आम्ही दोघं चालत निघालो. चालायला ती फार गुणी आहे. ऊन कोवळं होतं, हायवेच्या कडेने वाळकं गवत हलत होतं, तिच्या टापांचा ठेका एकसारखा, आणि ऐकता ऐकता माझे डोळे मिटायला लागले. बघतो तर तिचेही मिटलेले. महाडपर्यंत आम्ही असे कोणीच कोणाला न नेता आलो.

महाडात एका मंगल कार्यालयाबाहेर बँड वाजत होता. आपली घोडी आधी वरातीची होती हे आपण मला सांगितलं होतं, पण ती अजून वरातीचीच आहे हे तिने सांगितलं. ती बँडपुढे जाऊन उभी राहिली, मान वाकवली आणि एक एक पाय उचलून नाचायला लागली. मी ओढतो, ती नाचते. नवरदेव फुलांनी सजवलेल्या मोटारीत बसला होता. त्याने घोडी पाहिली आणि तो सरळ उतरून खालीच आला. त्याच्या बापाला वाटलं मामाने ठरवली, मामाला वाटलं बापाने ठरवली, आणि दोघंही एकमेकांवर खूश. कोणी मला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. नवरदेव वर बसला, करवलीने शेवंतीला कुंकू लावलं, माझ्या डोक्यावर फेटा चढला. जेवण उत्तम होतं. मठ्ठा जरा आंबट होता. फेटा मी परत करायला गेलो तर घेईनात, म्हणून तो घालूनच आम्ही पूल ओलांडून घरी आलो, आणि दारात भाकरतुकडा ओवाळायला उभ्या असलेल्या रंगूबाईने आधी कोणाला ओवाळावं हे तिला क्षणभर कळेना.

पुढचे दिवस कसे गेले हे मला नीट सांगता येणार नाही, कारण ते गेल्यासारखे वाटलेच नाहीत. कुंडातलं गरम पाणी ज्या ओढ्याने वाहून खाली जातं, तिथे शेवंती रोज सकाळी पाय बुडवून उभी राहायची. पाण्याची वाफ, वरून उतरलेलं धुकं, आणि मधे तिचं नुसतं पांढरं तोंड. मी धोंड्यावर बसायचो. घरी यायचं असतं हे आम्हा दोघांनाही सुचायचं नाही, मग रंगूबाई बोलवायला यायची आणि तीही बसायची. मधल्या रविवारी आपण आणि निशिगंधा आलात. आपण घोडीला खरारा करत होतात, आणि निशिगंधा ओटीवर पदर तोंडावर घेऊन दुपारभर झोपली होती. लग्न झाल्यापासून ती आमच्याकडे अशी झोपली नव्हती, दरवेळी पर्स खांद्याला लावूनच चहा पिऊन जायची. रंगूबाई तिच्या उशाशी तांदूळ निवडत बसली होती. निवडून झालेले तांदूळ तिने परत सुपात ओतले आणि पुन्हा निवडायला घेतले. मला त्या दुपारी फार बरं वाटलं, दीपकराव. ते तेव्हा सांगायचं राहिलं.

पण काम ते काम. एके सकाळी पाठवणी झाली. रंगूबाईने शेवंतीची रीतसर ओटी भरली. नवा खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सगळं फडक्यात घालून गळ्यात बांधलं. (तांदूळ शेवंतीने तिथेच खायला काढले, ते पुन्हा भरले.) शेजारची काशीबाई हळदीकुंकवाला आली होती, ती रंगूबाईच्या आधी रडली. मी रडलो नाही. चूल त्या दिवशी धुरावली होती.

वाटेत बिरवाडीचा फाटा पुन्हा लागला तेव्हा शेवंती थांबली आणि माझ्याकडे वळून बघायला लागली. जिथून निघालो तिथेच इतक्या दिवसांनी का आणलं, हे तिला कसं समजावणार? लेकीला जवळच्या वाटेने पाठवत नाहीत, हे मी तिला सांगून पाहिलं. तिला ते पटलं असावं, कारण ती चालायला लागली. मग पुढे डोंगर जवळ येत गेले, शेतात वालाच्या शेंगांचा वास, आणि एकामागून एक ट्रक जात असूनही मला सगळं कसं शांत वाटत होतं. पोलादपूरपर्यंत मी तिच्याशी काय काय बोललो ते लिहीत नाही. त्यात आपलाही विषय निघाला होता, पण चांगल्या अर्थाने.

गोमाजीच्या तबेल्यात नावं ठेवायला जागा शोधली, सापडली नाही. झाडलोट चोख, पाणी वाहतं, माणूस कमी बोलणारा. त्याची बायको मैना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, शेवंतीच्या गळ्यातली ओटी तिने पाहिली आणि एकदम डोक्यावर पदर घेतला. घोडीच्या पायांवर पाणी घातलं, नारळ देवाजवळ ठेवला, आणि मला बसायला घोंगडी टाकली. व्याह्यासारखा मान केला म्हणा ना. मग विचारलं, "वटी भरून आनलीत, मंग पाचपरतावनाला न्यायला कोन येनार?"

लग्नानंतर पाचव्या दिवशी लेक माहेरी परत येते, ती रीत. ती माणसांची, असं म्हणता आलं असतं. पण ओटी आम्हीच भरलेली, आणि व्याह्याच्या दारात बसून रीत मोडायची कशी? "मीच येईन," असं माझ्या तोंडून गेलं. गोमाजीने मान हलवली. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

येताना एसटीत खिडकी मिळाली. घरी रंगूबाईने सवयीने कोंडा भिजवून ठेवला होता, तो काशीबाईच्या म्हशीला दिला. असो. तर आपलं काम चोख झालं आहे. घोडी गोमाजीकडे आनंदात आहे, काळजी नसावी. निशिगंधाला आशीर्वाद सांगणे, तिच्या खोकल्याला आडुळसा पाठवत आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आमचा साष्टांग नमस्कार.

आपला,
कुशाबा

ता. क. घोडी गोमाजीकडे आहे असं वर लिहिलं, ते लिहायला बसलो तेव्हा खरं होतं. मला पत्राला वेळ लागतो. मधे पाचवा दिवस आला, दिलेला शब्द पाळावा लागला, आणि आत्ता हे लिहिताना ती मागच्या दारी रंगूबाईने वाळत घातलेली कुरडई खात आहे. तेव्हा या रविवारी पोलादपूरला जाऊ नये. फुकट फेरा पडेल.

दुसरा ता. क. रंगूबाई म्हणते, पाचपरतावणाला आलेल्या लेकीला न्यायला सासरचं माणूस जोडीने यावं लागतं, आणि तेही मुक्काम करून. मी म्हटलं, इथे सासरचं माणूस गोमाजी. ती म्हणाली, मालक कोण? त्यामुळे आपण दोघांनी यावं. नेण्याची घाई नाही. मैनेनेही सांगितलं आहे की माहेरी रमली तर राहू द्या.

तिसरा ता. क. हे आपल्याला एकट्यालाच लिहितो. लोक हसतील त्यांना हसू द्यावं, घोडी सवलाच असू द्यावी. गेल्या खेपेला आपण गाडी वळवत होतात, तेव्हा निशिगंधा काच खाली करून मला हळूच म्हणाली, "बाबा, शेवंती इथंच राहू दे ना." मी तेव्हापासून विचार करतो आहे. तिने शेवंतीला एकदाही हात लावला नव्हता. लहानपणापासून तिला घोड्याची भीती वाटते.