किल्टचा रंग पास करताना

बाबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि आज मी तुम्हाला एका परदेशी घागऱ्याच्या रंगाबद्दल लिहून राहिली आहे. घागरा म्हटलेलं तुमच्या नातीला खपत नाही, किल्ट म्हणायचं. स्कॉटलंडकडचे पुरुष लग्नाकार्यात तो कमरेला गुंडाळतात. लोकरीचा, चौकड्यांचा, मागून चुण्या घातलेला, आणि घराणं तशी चौकड ठरलेली. तुमच्या नातीनं तिकडचाच मुलगा पसंत केला, आणि तो किल्ट घालूनच लग्नाला उभा राहणार आहे. शेजारीण मला विचारते, "दामाद घागरा पहनके फेरे लेगा क्या?" मी म्हटलं, तुमचा तर पँट घालूनही मंडपात सरळ उभा राहिला नव्हता. बोलायला बोलले, पण माझंच मन तयार नव्हतं. ह्यांचं काय, दोन फोनांत विरघळले. मी मात्र आठ महिने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पोरगी फोनवर रोज विचारायची, जेवलीस का, आणि मी समजायचे की ती काय विचारून राहिली.

दिवाळी झाल्यावर दोघं गोंदियाला आली. मुलगा दिवाणावर अवघडून बसला. उंच, लाजाळू, आमच्या वांग्याच्या भाजीनं घाम फुटलेला, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलेला. त्यानं पिशवीतून आपल्या आजोबांचा जुना किल्ट काढला. कसरीनं खाल्लेला, घालण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून नवा शिवायचा. मग त्यानं कापडाचे चार तुकडे समोर मांडले. चौकड चारींवर एकच, हिरवी-निळी, मधून लाल रेघ. रंगणी तेवढी वेगवेगळी. एक गडद, आजच्या पक्क्या रंगांचा. एक फिका, झाडापाल्याच्या रंगात बुडवल्यासारखा, त्याला ते लोक जुनी रंगणी म्हणतात. एक दोन्हींच्या मधला. आणि चौथा राखाडी-तपकिरी, जसा काही वर्षानुवर्षं चिखलात पडून होता. हे सगळं तिथले रंगारी मुद्दाम करतात म्हणे. तुमची नात म्हणाली, "आई, तू रंगाऱ्याची मुलगी. तू पास करशील तोच शिवणार आहे तो."

ती हे साधं बोलली नव्हती. लहानपणापासून माझ्याकडून ऐकत आली आहे ती, चिचगडकडचं आपलं आंगण, चुलाण्यावरचा हंडा, बांबूवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी. लग्नाचं सूत असलं की मुलीकडचं वडीलधारं माणूस स्वतः यायचं. वाळलेली लड सावलीत धरून पाहायचं, आणि मनास आली तर तिच्यातला एक धागा तोडून तुमच्या हातात द्यायचं. धागा तुटला की रंग पास, आणि सोयरीकही पास. मग कोणी फिरत नसे.

मला ती म्हातारी आठवते. पोरीच्या लग्नाला आपल्या लुगड्यासारखंच लुगडं पाहिजे म्हणून तिनं स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणला होता. मी दहा वर्षांची असेन. तुकडा पाहून मी शहाणपणानं म्हटलं, विटकरी आहे. तुम्ही खेकसलात, "वरून काय पाहून राहिली? वरचा रंग उन्हाचा. खरा रंग शिवणीत राह्यते." आणि टीप उसवून दाखवलीत. आत डाळिंबासारखा लाल. तुम्ही तोच रंग काढलात, आठवडाभर राबून, अगदी हुबेहूब. म्हातारी आली, लड सावलीत धरली आणि खाली ठेवली. धागा काही तोडेना.

"हा माह्या लुगड्याचा रंग नोहे."

"शिवणीत पाय, हाच होता."

"शिवणीत कोन पायते? माह्या पोरीनं जो पायला, तो दे."

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. माय म्हणाली, रंगाऱ्याचा राग रंगापेक्षा पक्का. पण सकाळी उठून पाहते तर तुम्ही त्याच लडी रिठ्याच्या पाण्यात खंगाळून राहिलात. मग ऊन, मग पुन्हा रिठा, असे आठ दिवस. दुसऱ्याचा रंग उडाला तर हसणारा माणूस, स्वतःचा पक्का रंग स्वतःच्या हातानं उडवून राहिला होता. म्हातारीनं धागा तोडला तेव्हा तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाहीत. मला वाटलं, हरले बाबा. आता तसं वाटत नाही.

तर मी तो जुना किल्ट घेऊन दारात उजेडाला गेले. चुणी उलटली. आत गडद हिरवा, गडद निळा, पहिल्या तुकड्यासारखाच. मला आवडलाही तोच. पण मी पोरीला म्हटलं, याला विचार, आजोबा आठवतात तेव्हा किल्ट कोणत्या रंगाचा दिसतो. आईबाप लवकर गेल्यानं आजोबांनीच वाढवलेला मुलगा तो. विचार करायलाही थांबला नाही. फिक्या तुकड्यावर बोट ठेवलं, आणि मग बराच वेळ नाक पुसत राहिला. बाबा, मला त्याची माया आली. आठ महिने ज्याचं तोंड पाहायचं नव्हतं, त्याची.

मी तो फिका तुकडा हातात घेतला, सावलीत धरला आणि काठाचा एक धागा तोडला. पोरगी म्हणाली, "आई, तू सूत तोडलं." आणि माझ्या गळ्यात पडून रडली. त्या बिचाऱ्याला कळेचना, कापड फाटलं की काय.

माझ्या लग्नाचं सूत तुम्हीच रंगवलंत. परजातीतला मुलगा, तरी रंगात कसर ठेवली नाहीत. लड वाळली, तुम्ही ती सावलीत धरलीत, आणि बांबूवर परत टाकून आत गेलात. धागा काकांनी तोडला. यावर आपण कधी बोललो नाही. तुम्ही पुढं जावयाचे लाड केलेत, माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन फिरलात, तरी नाही बोललो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहिते. सगळ्यांना मी सांगून राहिली की हात सवयीनं गेला, रंगाऱ्याच्या घरची खोड. ते खोटं आहे. धागा मी दोन बोटांत धरून थांबले होते. पोरगी माझ्या हाताकडं पाहून राहिली होती, श्वाससुद्धा न घेता. माझ्या लग्नाची लड तुम्ही सावलीत धरलीत, त्या दिवशी मीही दाराआडून तुमच्या हाताकडं तशीच पाहत होते, बाबा.