संगणक वाचत नाही त्या ओळी

मानसरोवर, जयपूर
१६ नोव्हेंबर २०२५

ती. सुधाकाकूंना गौतमीचा सादर नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं पोचली. मी ठीक आहे. इथे थंडी सुरू झाली, तुम्ही जाताना दिलेली रजई काढली. नाशिकला मैथिलीकडे, लेकीच्या घरी, तुमचं मन रमतंय हे वाचून बरं वाटलं. प्रकाशसरांना जाऊन आता सात महिने होतील.

"ऑफिसच्या फाइलींत तुझं नाव लिहून ठेवलंय," असं सर तुम्हाला म्हणायचे, ते खरं का, असं तुम्ही विचारलंत. खरं आहे. गोपालपुऱ्यातल्या कोचिंग क्लासेसच्या ऑनलाइन परीक्षा आम्ही चालवतो. कसं चालायचं हे संगणक ज्या फाइलींतून वाचतो, त्यांतली हॅशची (#) खूण केलेली ओळ तो सोडून देतो. ती माणसांसाठी असते. काही बदललं की सर तिथे तारीख आणि कारण लिहायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी. चौदा वर्षं लिहिलं. अधूनमधून घरचंही.

त्या ओळी पाठव म्हणालात, तेव्हा मी "शोधते" असं कळवलं. शोधण्यासारखं काही नव्हतं.

सर निवृत्त व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात साहेबांनी फाइली आटोपशीर करायला सांगितल्या. मी एका ओळीची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायचा हुकूम, लिहिली. ती एकेक फाइल उघडून हॅशच्या ओळी जागच्या जागी काढत गेली. मूळ प्रत ठेवायची तर आणखी चार अक्षरं टाइप करावी लागतात, मी कंटाळा केला. काही सेकंदांत झालं. परीक्षा चालू राहिल्या, कुठे काही अडलं नाही. बॅकअप, म्हणजे राखीव साठे, तीन महिन्यांनी आपोआप पुसले जातात, तेही गेले. ऑफिसात मराठी कळणारी, सर सोडून, मी एकटी. आणि मीच ते पुसलं. याची मला लाज वाटते.

सरांना दुसऱ्याच दिवशी कळलं. म्हणाले, "चालतंय ना सगळं? मग झालं." घरी ते काही बोलले नाहीत, हे तुमच्या पत्रावरून समजलं.

परवा मी दहा-बारा ओळी मनानेच रचून लिहिल्या होत्या. तुम्हाला कळलंही नसतं. तो कागद फाडला. खरोखर आठवतात त्या दोनच:

"९ मार्च. सुधाचं ऑपरेशन. घाईत बदललंय, उद्या परत तपासणे."

"१० मार्च. तपासलं. सुधा बरी आहे."

एवढंच माझ्याकडे उरलं आहे.

गौतमी