डावरा रंधा

ऑटर बेंड, मिनेसोटा
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०१४

प्रिय रॅग्ना,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नाहीस असं धरून लिहितोय. तुझे गुडघे कसे आहेत? आमचं बरं चाललंय. मार्लिसच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं, त्यामुळे मी जोडलेल्या लाकडी सांध्यांमधल्या फटी आता तिला लांबूनही दिसतात. इथे पहिलं दहिवर पडून गेलं.

वर्कशॉपमध्ये नुसता पसारा झालाय. नातीसाठी चेरीच्या लाकडाचा पाळणा करायला घेतला, एक बाजू झाली आणि सोडला. चर्चच्या खुर्च्यांचे पाय उतरवून ठेवलेत, बसवायला हात होत नाही. मार्लिस म्हणते, एक ना धड, भाराभर चिंध्या. बरोबरच आहे तिचं. बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. एवढं लिहितानाही दोनदा अंगणात जाऊन आलो.

त्याचं कारण असं. जिल्ह्याच्या म्युझियममध्ये शनिवारी आपल्या घरातल्या अवजारांचं दालन उघडणार आहे. आजोबांची बर्फ कापायची करवत त्यांनी आधीच नेली. आता त्यांना बाबांच्या छापाचा तो खाचा पाडायचा रंधा हवाय. अंगठ्याने चकती फिरवायची, की काम न थांबवता खाच आत-बाहेर सरकते, तो. फलकावर लिहिणार आहेत, ‘नेस्टेगार्ड घराणं: तीन पिढ्यांचे कल्पक कारागीर’. तिसरी पिढी म्हणजे मी. मी काय शोधून काढलं ते विचारू नकोस.

येणाऱ्या पोरांना हाताळायला एक नक्कल करून द्या म्हणाले. मेपलचा ठोकळा घेतला, माप बरहुकूम उतरवलं, चकती बसवली. हातात धरला तर अंगठा चकतीपर्यंत पोचेना. मला वाटलं, साठ वर्षांत मूळ लाकडाला बाक आला असेल. म्हणून चकती सरळ दुसऱ्या बाजूला नेली. मग पातं थरथरायला लागलं आणि खाच उसवल्यासारखी आली. तीन ठोकळे वाया घालवले, रॅग्ना. तिसरा तर मी भिंतीवर फेकला.

गेल्या गुरुवारी म्युझियमची कॅरोला आली होती. बरोबर लाकूड-गिरणीवाला हॅल्व्हर. त्याने कॉफी खाली ठेवली, मूळ रंधा उचलला, या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, “ऑर्लिन, अरे हा तर डावऱ्याचा रंधा आहे. तुझे बाबा डावरे होते?”

मी म्हणालो, “हो.”

कॅरोला खूश. तिने लगेच वहीत टिपून घेतलं. काल नवीन कार्ड छापून आलं, ‘स्वतः डावरे असल्यामुळे त्यांना ही युक्ती सुचली’. जेवताना तुझ्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्या हातात कोंबणारे आपले बाबा शनिवारपासून डावरे होणार. हसायला येतंय, पण हसवत नाही.

बुधवार, सकाळ

काल इथेच थांबलो होतो. पुढे लिहिणार होतो, की रंधा डाव्या हातात धरला तेव्हा मला पहिल्यांदा सत्य समजलं. तसं वाक्य लिहिलंही होतं. तो कागद फाडला, कारण ते धादांत खोटं आहे.

मी अकरा वर्षांचा होतो. त्या फेब्रुवारीत शेगडीपाशी बसून तू ती चकती घासायचीस आणि मी कंदील धरायचो. तुझ्या पहिल्या दोन चकत्या फुटल्या, तिसरी बसली. सगळं माझ्यासमोर झालं. आपल्या घरची रीत अशी, की नवीन अवजार करणाऱ्याने तापलेल्या लोखंडाने त्यावर आपला छाप उठवायचा. पण मुलींना छाप मिळायचा नाही. तुझा रंधा बिनछापाचा राहिला. बिनछापाचं लाकूड दिसलं की बाबांचा हात आपोआप लोखंडाकडे जायचा; तसाच त्यांचा छाप तुझ्या रंध्यावरही उठला. त्यांनी चोरलं असं मी म्हणत नाही. पण जत्रेत तो रंधा पाहून लोक त्यांची वाहवा करायला लागले तेव्हा ते गप्प राहिले.

तू तेव्हा सगळ्यांसमोर मला पुढे ओढलंस आणि म्हणालीस, “ऑर्लिन, तू होतास ना तिथे? सांग यांना, कोणी केला?”

“बाबांनी,” मी म्हणालो.

घाबरून नाही गं. मला कोणी दमही दिला नव्हता. मला माझा छाप हवा होता, आणि तो बाबांच्याच हातात होता. त्या नाताळला मिळाला मला, ‘ओ. एन.’ साठ वर्षं तो कशाकशावर उठवत आलो. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या दफनाच्या दिवशी मी पुन्हा तेच बोललो, चांगलं सजवून, आणि तू मधूनच उठून गेलीस. लोकांना वाटलं तू कठोर आहेस. मी ते तसंच वाटू दिलं. मला लाज वाटते, रॅग्ना. एवढं एक वाक्य मला तेव्हापासून लिहिता आलं नाही.

आज सकाळी नाश्त्याला मार्लिसला सांगितलं. ती म्हणाली, “आणि इतकी वर्षं मी तिला आगाऊ म्हणत आले.” काल केलेला केक तिने माझ्यासमोरून उचलून नेला.

नंतर कॅरोलाला फोन केला. ती गडबडली. कार्डं छापून झाली, पाहुणे ठरले, आणि एवढं बदलायचं तर काही पुरावा लागेल म्हणाली. मी म्हटलं, पुरावा मी आहे, कंदील मीच धरला होता. नवीन मजकूर मी स्वतः लिहून देतोय: रॅग्ना नेस्टेगार्ड, वय सतरा, १९५४. बाबांचा छाप आहे तिथेच राहील, पण तो तिथे कसा आला तेही खाली लिहिलेलं असेल.

शनिवारी अकरा वाजता मी उभा राहून हे सांगणार आहे. ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. तू पहिल्या रांगेत असलीस तरी हेच बोलेन आणि तीनशे मैल लांब असलीस तरी हेच. या वेळी मला कोणी विचारायचीसुद्धा गरज नाही.

तुझा भाऊ आणि तुझा एकमेव साक्षीदार, साठ वर्षं उशिरा आलेला,
ऑर्लिन